पप्पा सायकलवरनं पडलेत

प्रश्न बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका तरुण शिक्षिकेचा आहे. गाव कर्नाटकात, बोली मराठी. त्या कादंबरी लिहितायत. नायक अकरा वर्षांचा मुलगा. जुलै २०१४ मध्ये गावच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक पाडला जातो, गावात लाठीमार होतो, मुलाच्या वडिलांना मार बसतो आणि तिथं त्याचं बालपण संपतं, अशी रचना. हस्तलिखित वाचलेल्या दोघातिघांचं म्हणणं एकच पडलं: फलक पडेपर्यंतचा मुलगा खरा वाटतो, नंतरचा वाटत नाही. बाईंनी विचारलंय, ‘घटना इतकी मोठी आणि खरी असूनही तो क्षण खोटा का वाटतो? निरागसता हरवते ते लिहायचं तरी कसं?’

बाई, तुमची पानं मी दोनदा वाचली. खानापूर तालुक्यात अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवतोय, सुट्टीत कथालेखनाचे वर्ग घेतोय, त्यामुळं हस्तलिखित हातात आलं की आपोआप पेन्सिल उचलली जाते. तुमची पहिली साठ पानं वाचताना ती तशीच पडून राहिली. रोपलावणीच्या दिवसांत शाळा चुकवून चिखलात उतरणारा तो मुलगा, राजहंसगडावर ढग टेकले की ‘आता आलाच’ म्हणून छत्री न घेताच पळणारा, हे सगळं पाहिलेल्या माणसानं लिहिलंय. आणि तो फलकावरच्या अक्षरांवरून वाचायला शिकतो, त्यातही ‘राष्ट्र’ मधला ‘ष्ट्र’ त्याला काही केल्या सुटत नाही, ‘ष च्या खाली ट कसा काय बसतो?’ म्हणून आज्जाला विचारतो, ती दीड पानं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली.

एकसष्टाव्या पानावर पोलिसांच्या गाड्या येतात. त्रेसष्टाव्या पानावर हाच मुलगा ‘अन्याय’, ‘अस्मिता’, ‘लढा’ असे शब्द बोलायला लागतो. ते शब्द त्याचे नाहीत. ते आपले आहेत, आपल्या सभांचे, आपल्या व्यासपीठांचे. ‘ष्ट्र’ न सुटणारा मुलगा दोन पानांत ‘अस्मिता’ म्हणायला लागला की वाचक पुस्तकातून बाहेर येतो. घटनेचा मोठेपणा तिथं काही मदत करत नाही. घटना मोठ्यांची आहे. मुलाच्या वाट्याला त्यातलं नेमकं काय आलं, हे अजून तुम्ही शोधलेलं नाही.

मला इथं शब्दाच्या पोटात शिरावंसं वाटतं. आगस् म्हणजे अपराध, पाप. निरागस म्हणजे ज्याच्या पदरी अपराध नाही तो. आपण मात्र हा शब्द ‘ज्याला काही माहीत नाही तो’ अशा अर्थानं वापरत राहतो, आणि बालपण संपणं म्हणजे मुलाला काहीतरी भयंकर कळणं असं धरून चालतो. म्हणून नवा लेखक मुलासमोर एखादं प्रेत आणून ठेवतो, मारहाण आणतो, आईचं गुपित आणतो. पण मुलांना पुष्कळ माहीत असतं. आपल्या शाळेतल्या पाचवीच्या पोराला घरातलं कर्ज किती हे माहीत असतं, काका दारू पितो हे माहीत असतं, जमिनीची केस कुठल्या कोर्टात आहे तेही माहीत असतं. माहीत असूनही तो निरागसच असतो, कारण त्या सगळ्यात त्याचा हात नसतो. ज्या दिवशी त्यात त्याचा वाटा पडतो, भले तो वाटा गप्प बसण्याएवढा लहान असो, त्या दिवशी शब्द गळून पडतो.

तुमच्या कादंबरीत मुलगा नुसता साक्षीदार आहे. वडिलांना मार बसतो, तो पाहतो, रडतो. रडून मूल मोठं होत नाही. दुसऱ्या दिवशी परत खेळायला जातं, आणि ते बरंच असतं.

माझ्या घरातलं सांगतो. मी वाढलो नंदगडच्या जवळ. आईची आई आमच्याकडंच राहायची, बैलहोंगलकडची, घरात कानडीच बोलायची. तिला आम्ही अज्जी म्हणायचो. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूर चन्नम्माचा हा शूर १८३१ साली तिथंच फासावर गेला. त्याची गोष्ट अज्जी कानडीत सांगायची आणि शिवाजी महाराजांची वडील मराठीत. आम्हां पोरांच्या खेळात दोघंही असायचे, एकाच फौजेत. रायण्णा झाडावरून उडी मारायचा आणि तानाजीला हाक मारायचा. यात काही जुळत नाही असं आम्हांला कधी वाटलं नाही.

१ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, तिथं मी आजही दरवर्षी जातो. मी तेव्हा अकरा वर्षांचा. गावात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्ही आलो की थांबायची. त्या महिन्यात कधीतरी आमच्या खेळातनं रायण्णा गेला. कुणी काढला ते मला आठवत नाही. ‘तो का नाही?’ असं मी विचारलं नाही, हे मात्र पक्कं आठवतं.

त्याच पावसाळ्यातली एक संध्याकाळ. मी तिघाचौघा मित्रांबरोबर घरासमोर उभा होतो. अज्जी कट्ट्यावर बसलेली. रोजच्यासारखं तिनं विचारलं, ‘ऊटा आयतु?’ जेवलास का, एवढंच. रोज मी ‘हौदु अज्जी’ म्हणायचो. त्या दिवशी मी मित्रांकडं बघितलं आणि म्हणालो, ‘जेवलो.’ मराठीत. मोठ्यानं. अज्जी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायला लागली, ‘तू जेवला काय?’ असं, आणि मी ते चालू दिलं.

गोळीबार मी पाहिलेला नव्हता. मला कुणी मारलं नव्हतं. तरी माझं बालपण कुठं संपलं असं विचारलंत तर मी त्या कट्ट्याकडं बोट दाखवीन. त्यात आंदोलन चूक होतं असं मी म्हणत नाही. जे गेले त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही तोच आदर आहे. मी सांगतोय ते एवढंच, की इतिहास अकरा वर्षांच्या मुलापर्यंत पोचतो तेव्हा एका शब्दाएवढा लहान होऊन पोचतो, आणि तो शब्द मूल स्वतः उच्चारतं.

आता तुमच्या पानांकडं येतो. लाठीमाराच्या रात्री वडील घरी येतात, खांदा सुजलाय, आई हळद गरम करते. धाकटी बहीण विचारते, काय झालं? तुमच्या मसुद्यात वडील दोन परिच्छेद बोलतात. ते काढा. वडिलांना एवढंच म्हणू द्या: ‘सायकलवरनं पडलो.’ मुलाला खरं माहीत आहे. तो तिथं माळ्यावरच्या फटीतून बघत होता. सकाळी शेजारची काकू बहिणीला विचारते, तुझ्या पप्पांना काय झालं गं? आणि बहिणीनं तोंड उघडायच्या आधी मुलगा पुढं होऊन सांगतो, ‘पप्पा सायकलवरनं पडलेत.’

वडिलांचं खोटं त्यानं उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. ते वडिलांच्या मानासाठी आहे, बहिणीच्या झोपेसाठी आहे, पोलिस पुन्हा येतील या भीतीपोटीही आहे, आणि यांतलं कुठलं कारण किती हे त्याला स्वतःला सांगता येणार नाही. तुम्हीही सांगू नका. ‘त्या क्षणी तो मोठा झाला’ हे वाक्य तर अजिबात लिहू नका. वाचकाला ते कळतं, आणि कळल्यावर पुन्हा सांगितलेलं त्याला आवडत नाही.

प्रेमापोटीची गप्प बसण्याची गोष्ट मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे. १९३५ च्या ‘श्यामची आई’ मध्ये आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील चांगली झालीय म्हणत खातात, आणि ते काही बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. शाळेत हे प्रकरण आपण संयमाचा पाठ म्हणून शिकवतो. मी बरीच वर्षं तसंच शिकवलं. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, श्याम तेव्हा खोटं बोलायला शिकला का?’ वर्गात शांतता झाली. तिचा प्रश्न बरोबर होता. चांगल्या घरातही मूल निरागसतेतून असंच बाहेर येतं, कुणाला तरी जपण्यासाठी. अंधारातून, हिंसेतून जाणारी वाट हीच एक वाट असं समजू नका.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या भागातल्या लेखकाला हीच सर्वांत मोठी ठेव आहे आणि आपण तीच लाजून लपवतो. तुमचा मुलगा सुरुवातीला ‘काय करूलालास गा?’ म्हणतो. घटना घडली की तो पुण्याच्या पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायला लागतो. तुम्ही हे मुद्दाम केलेलं नाही हे मला कळतं. गंभीर प्रसंग आला की आपला हात आपोआप प्रमाणभाषेकडं जातो. शाळेनं आपल्याला तसं वळण लावलंय. पण ‘करूलालास’ म्हणणारा मुलगा दुःखातही ‘करूलालास’च म्हणेल. बदल दाखवायचा तर एखादा शब्द गाळून दाखवा. आधी तो कुठला शब्द बिनदिक्कत वापरत होता, आणि नंतर कुठल्या माणसासमोर तो शब्द गिळतो? तुमच्या पहिल्या भागात तो दुकानदाराशी अर्ध्या कानडीत बोलतो, ‘येष्टु?’ म्हणून किंमत विचारतो, उरलेली चिल्लर मागतो. दुसऱ्या भागात ते दुकान पुन्हा येतच नाही. आणा ते. तो दुकानात गेला आणि नुसतंच बोट दाखवून वस्तू घेतली, एवढं पुरे. दुकानदारानं चिल्लर हातावर ठेवताना नेहमीप्रमाणं एक लिमलेट वर दिली, मुलानं ती घेतली की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्या दुकानदाराला वाईट करू नका एवढी मात्र माझी विनंती आहे. तो वाईट निघाला तर मुलाची सुटका होते.

गोष्ट सांगतंय कोण, हा पुढचा प्रश्न, आणि तुमचा घोटाळा अर्धा इथंच आहे. श्याम मोठा होऊन मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, म्हणून त्याला पश्चात्ताप करता येतो, रडता येतं. ‘कोसला’ (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांच्या आडोशानं बोलतो. आपल्या मातीतला लंपन तिसऱ्या प्रकारचा. प्रकाश नारायण संत बेळगावात वाढले, कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. लंपनचं पहिलं पुस्तक ‘वनवास’ आलं १९९४ ला, लेखक सत्तावन्न वर्षांचा असताना. पण आजी-आजोबांकडं राहणारा, आईवडिलांची आठवण काढणारा तो मुलगा लेखकाच्या सत्तावन्न वर्षांतलं एकही वर्ष उसनं घेत नाही. त्याला जे कळत नाही ते लेखक त्याच्या वतीनं समजावून देत नाही. वाचकाला मात्र ते दिसत राहतं, आणि गळ्याशी आवंढा येतो तो या दोन समजांमधल्या अंतरामुळं. हे जमवायला किती ताकद लागते, याचा मला दर वाचनाला नवा अंदाज येतो.

तुम्ही पहिली साठ पानं मुलाच्या डोळ्यांनी लिहिलीत आणि पुढची चाळीस स्वतःच्या. एक निवडा. माझं मत विचाराल तर मुलालाच शेवटपर्यंत बोलू द्या. न्यायालयाचा आदेश, फलक काढणं, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारणं आणि तो पुन्हा पाडला जाणं, हा क्रम वाचकाला समजला पाहिजे असं तुम्हांला वाटतं, रास्त आहे. पण मुलाला हा क्रम असा दिसेल: काल नव्हता, आज परत आहे, उद्या परत नाही. अकरा वर्षांच्या डोळ्यांना ती जादू वाटेल. ते तसंच लिहा. १ नोव्हेंबरला अर्धं शहर कर्नाटक राज्योत्सव करतं आणि आपली माणसं काळ्या फिती लावतात, हेही त्याला आधी रंगांचाच प्रकार वाटलेला असणार. सीमेचंही तसंच. लहानपणी मामाबरोबर वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं जाताना शिनोळी आली की मी खिडकीतून रस्त्यावर रेघ शोधायचो. मामा म्हणायचा, ‘आलं बघ महाराष्ट्र,’ आणि मला तेच भात, तेच काजू, तीच म्हैस दिसायची. तुमच्या मुलाला ती रेघ एकदा शोधू द्या. आणि शेवटी, गाडी तिथूनच परत वळवतात त्या दिवशी, ती सापडू द्या.

आता एक आक्षेप, जो तुम्ही विचारला नाही पण विचारायला हवा होता. निरागसता हरवते म्हणायला आधी ती कुणी तरी मुलाला द्यावी लागते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आईबरोबर तंबाखूचा ठसका खाणाऱ्या, विड्या वळताना सुताचा दोरा धरून बसणाऱ्या पोरीला ती कुणी दिली? निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. वखारीतल्या बाया, गॅरेजमधली पोरं त्यांच्या कथांत आहेत. निपाणीहून पलीकडं कागलला आनंद यादव. त्यांच्या ‘झोंबी’त (१९८७) मुलाला शाळेसाठी बापाशीच झगडावं लागतं. अशा लिखाणात बालपण म्हणजे हरवलेली बाग नव्हे, ती न मिळालेली मजुरी आहे. तुमच्या कादंबरीतला वीटभट्टीवर जाणारा मित्र मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो दोनदा येतो आणि गायब होतो. पण हेही खरं, की भट्टीवर राबणाऱ्या मुलाचाही कशावर तरी विश्वास असतो. दिवाळीला मिठाईचा पुडा देणारा मुकादम देवमाणूस आहे, असा असेल. तो विश्वास कुठला हे शोधा. त्याच्या बाबतीत तोच तुटेल. फलक पडला काय आणि राहिला काय, त्या पोराला आठ तासांची हजेरी चुकलेली नाही. दोघं मित्र एकमेकांचं दुःख समजू शकत नाहीत, हा प्रसंग लिहिलात तर कादंबरीला खोली येईल.

बहिणीबद्दलही. ती आठ वर्षांची म्हणून तुम्ही तिला प्रश्न विचारायला ठेवलीय. आपल्याकडं मुलीचं बालपण बहुधा समारंभ करून संपवतात. न्हाण आलं की नवं लुगडं, गूळखोबरं, ओटी, बायकांची गाणी; आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद. तिला सगळे गोड बोलत असतात, त्यामुळं काय गेलं ते सांगायची सोयही तिला राहत नाही. तुमच्या गोष्टीत ती त्या वयाची नाही, पण चुलत बहीण आहे. मुलाच्या खांद्यावरून एक नजर तिकडं जाऊ द्या. सौंदत्तीच्या डोंगराचा उल्लेख तुम्ही शेवटाकडं करताय, देवीला सोडलेल्या एका मुलीचा. ते मात्र काढा. मुली सोडण्याविरुद्ध राज्यात १९८२ सालीच कायदा झालाय आणि त्या बायकांचं दुःख अजून जिवंत आहे. चार ओळींत धक्का देण्यासाठी ते वापरू नये. लिहायचं तर तिची स्वतंत्र गोष्ट लिहा, तिच्याजवळ बसून.

आज्जाचा मृत्यूही काढा असं सुचवीन. तो केवळ मुलाला पोरका करण्यासाठी आलाय. आज्जा जिवंत राहिला तर जास्त अवघड आणि जास्त चांगलं होईल, कारण मग ‘ष च्या खाली ट’ विचारणारा नातू त्याला पुन्हा काहीच विचारत नाही, हे आज्जाला रोज दिसेल.

शेवटाबद्दल. तुमचा शेवट भाषणाचा आहे. मुलगा मोठा होऊन संमेलनात बोलतो. कडोली, उचगाव, सांबरा, तुमचं येळ्ळूर, आपल्या गावागावांतली ही संमेलनं मला प्राणासारखी प्रिय आहेत. थंडीत शाळेच्या पटांगणावर मंडप पडतो, ग्रंथदिंडी निघते, नऊवारीतल्या आज्या पहिल्या रांगेत बसून परिसंवाद ऐकतात. असं दुसरीकडं मी पाहिलेलं नाही. तरी कादंबरी तिथं संपवू नका. मी असतो तर फलकाच्या जागेवर थांबलो असतो. खांब काढल्यावर जमिनीत दोन खड्डे राहिले असतील. पावसाळा आहे, त्यांत पाणी साचलंय. बहीण यंदा पहिल्यांदा अक्षरं जोडून वाचायला लागलीय, आणि ती भावाला विचारते, ‘दादा, हितं काय लिहिलं होतं रे?’

त्याचं उत्तर मला माहीत नाही. तो खरं सांगेल, की ‘काय नव्हतं’ म्हणेल, की चिखलात काडीनं तिला ‘ष्ट्र’ काढून दाखवेल, हे तुम्ही एकसष्टपासूनची चाळीस पानं नव्यानं लिहिल्यावरच ठरेल. ती लिहून झाली की पाठवा. गणपतीच्या सुट्टीत मी घरीच आहे.